पुलावर कोण आहे

त्या सकाळी आईने विचारलंच नाही. एवढंच झालं. दूध उतू गेलं नाही, नळ गेला नाही, जिन्यात कोणी घसरलं नाही. फक्त रोज तोंड पुसून झाल्यावर, टॉवेल खांद्यावर टाकून, समोरच्या भिंतीकडे न दिसणारे डोळे लावून आई जे विचारायची ते तिने विचारलं नाही. "पुलावर कोण आहे?" नऊ वर्षं, रोज. आणि रोज मुलगी काहीतरी उत्तर द्यायची. "पोस्टमन आहे. पिशवी फाटलीय त्याची, पत्रं सांडतायत." "आज एक जाडी बाई आहे, छत्री घेऊन. वारा आला तर बाई राहील, छत्री जाईल." "गाढव आहे, आई. मधोमध उभं आहे, कोणाच्या बापाचं ऐकत नाही." आई हसायची, किंवा नुसतं "हं" करायची, किंवा खोडी काढायची, "कालचा पोस्टमन पोचला का गं? की तुझ्यासारखा रमतगमत?" त्या सकाळसाठी तिने अर्ध्या दाढीचा माणूस तयार ठेवला होता, न्हाव्याशी भांडून खुर्चीतून उठून आलेला, गळ्याला फडकं तसंच. तो तोंडातच राहिला. आईने टॉवेल खांद्यावर टाकला, भिंतीकडे तोंड केलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आज कुणीकडून उजाडलंय?" तिने सांगितलं, खिडकीतून, आई, दुसरीकडून कुठून उजाडणार. पण दागिन्यांच्या कारखान्यात पोचेपर्यंत, बसमध्ये, रस्ता ओलांडताना, चार जणांच्या त्या खोलीत आपल्या पाटापुढे बसून चांदीचा कीस झेलायची चामड्याची झोळी मांडीवर ओढून घेईपर्यंत, तो अर्ध्या दाढीचा माणूस तिच्या जिभेखाली होता. विरघळत नसलेल्या गोळीसारखा.

पूल होता समोरच्या भिंतीवरच्या चित्रातला. चित्र दादाचं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पाट्या रंगवणारा. हे शहर नव्हे, ते शहर. जिथे ती जन्मली, जिथून चौदाव्या वर्षी निघाली आणि जिथे आता त्या नावाचं स्टेशन असलं तरी तो पूल नाही, तो मनोरा नाही. दादाने ते कॅनव्हासवर काढलेलं नाही, एका शिंप्याच्या दुकानाच्या पाटीच्या मागच्या बाजूवर काढलंय. पाच फूट लांब, वीतभर उंच. म्हणून सगळं शहर एका ओळीत उभं आहे, शाळेच्या फोटोत उभं राहावं तसं, पोट आत घेऊन. डाव्या टोकाला स्टेशन, मग नदी आणि तिच्यावरचा पूल, मग घड्याळाचा मनोरा, मनोऱ्याखाली बाजार, मग गल्ली, आणि उजव्या टोकाला त्यांचं घर, बाहेरच्या अंगाने वर जाणारा जिना आणि त्याचा लोखंडी कठडा. पाटी उलटली की अजून वाचता येतं, 'कपडे वेळेवर मिळतील'. आणि पुलावर मधोमध तिळाएवढी एक आकृती आहे. पिवळा फ्रॉक. ब्रशच्या एकाच केसाने ओढलेल्या दोन वेण्या. पाठ मनोऱ्याकडे, तोंड स्टेशनकडे. हे उत्तर तिने नऊ वर्षांत एकदाही दिलं नव्हतं.

आईसाठी हार करायचं त्याच दिवशी ठरलं. ठरलं म्हणजे काय, तिने चांदीचा पत्रा पुढे ओढला आणि हाताने स्टेशनची कौलं कापायला सुरुवात केली, मग डोक्याला कळलं. आईचं विसरणं गेल्या पावसाळ्यापासून सुरू झालं होतं. आधी कात्री कुठे ठेवली, मग वार, मग शेजारीण. डॉक्टर म्हणाले होते, हे असंच जातं, काठाकाठाने. आता पूल गेला. उद्या मनोरा जाईल, मग गल्ली, मग कठडा, आणि एक दिवस आई कुठल्याही शहरातून न आलेली बाई होईल. त्याआधी एकदा तिला घरी नेऊन आणायचं. डोळे नाहीत, पण बोटं आहेत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बोटं, कापडाची उलटसुलट बाजू अंधारात सांगणारी. भिंतीवरचं शहर अकरा तुकड्यांत कापायचं, तुकड्यांना मीना भरायचा, कड्यांनी जोडायचं, आणि गळ्यात घालून म्हणायचं, चल आई, उतरलो आपण स्टेशनवर, आता पूल, आता बाजार, आता जिना चढ. शेजारच्या पाटावर खडे बसवणारा म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणाची ऑर्डर ही?"

"आईची."

"दिसत नाही ना त्यांना?"

"म्हणूनच."

"मग रंग कशाला भरतेस? आमटीत मीठ नसलं तरी—" तो थांबला, त्याला उपमा पुरी करता आली नाही. "आणि खरं सांगू का, घालणाऱ्यासाठी दागिना कधीच नसतो. दागिना समोरच्याचा. घालणाऱ्याला नुसतं वजन."

"तुम्ही तुमचे खडे बसवा."

"बसवतोय. ते मुके तरी आहेत," तो म्हणाला आणि पुन्हा मान खाली घातली.

रंग भरायचेच होते. ते शहर रंगाशिवाय तिला करता आलं नसतं. मीना म्हणजे काचेची पूड; ती धुवायची, गढूळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओली पूड पिसाच्या टोकाने पत्र्यावरच्या तारांच्या कुंपणात भरायची, सुकवायची, आणि भट्टीत घालायची. दीड मिनिट. आधी साखरेसारखी दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग एकदम आरसा. ज्या रंगांना जास्त आग लागते ते आधी. निळा, हिरवा. लाल सगळ्यात शेवटी. लाल म्हणजे लाडावलेलं शेंडेफळ, जरा जास्त झालं की तोंड काळं करून बसतं. प्रत्येक रंगाला वेगळी भट्टी, प्रत्येक भट्टीला दीड मिनिट. आणि त्या दीड मिनिटात चिमटा हातात धरून उभं राहण्यापलीकडे काही करायचं नसतं. डोकं तेवढं मोकळं सुटतं.

निळा. नदी. (दार बंद.) शहर सोडलं त्या दिवशी गोळीबार थांबला होता. आठवडाभर चालला आणि त्या सकाळी थांबला, आणि थांबला म्हणजे आता वाढणार, असं सगळी मोठी माणसं म्हणत होती. दादा पहाटेच मनोऱ्याकडे गेला होता, तिथे वरच्या मजल्यावर त्याची खोली होती, ब्रश आणि डबे घेऊन पाचपर्यंत स्टेशनवर येतो म्हणाला, सहाची गाडी आहे. ती आणि आई दुपारीच गाठोडी घेऊन पोचल्या. तर स्टेशनमास्तर ओरडत फिरत होता, सहाची गाडी चारला सुटणार, तीच शेवटची. आई शिलाई मशीन मांडीवर घेऊन बसली होती, नुसतं डोकं, लोखंडी, पाळण्यातून काढलेल्या पोरासारखं फडक्यात गुंडाळलेलं. खाली ठेवलं असतं तर कोणी उचललं असतं. आई म्हणाली, "ढबू, पळ. दादाला म्हणावं चारची आहे. असशील तसा ये म्हणावं." ढबू हे दादाने ठेवलेलं नाव, ती काडीसारखी होती म्हणून. ती पळाली. पुलाच्या मध्यापर्यंत पळाली. आणि मग पलीकडे, बाजाराच्या बाजूला, गोळीचा आवाज झाला आणि ती—

दीड मिनिट. काढ.

नदी छान आली होती. अगदी तो निळा नव्हे, पण नदीलाही रोज कुठे तोच निळा जमायचा. तिने तुकडा विटेवर ठेवला आणि तो थंड होताना बारीक टिकटिक करत राहिला. या आवाजाची नेहमी भीती वाटते, तडा जातोय असं वाटतं. जात नसतो.

हिरवा. बाजाराच्या छपराचे पत्रे. (दार बंद.) गोळीचा आवाज झाला नव्हता. हे तिला पूर्वीपासून माहीत होतं, पण आवाज ऐकू येत असे, आठवताना. त्या दिवशी गोळीबार थांबला होता, आत्ताच म्हटलं तसं. गर्दी होती. समोरून माणसांचा लोंढा येत होता, गाठोडी, कोंबड्या, एकाच्या डोक्यावर आरसा, आरशात आभाळ हलत होतं, आणि त्या लोंढ्यातून उलटं जाणं चौदा वर्षांच्या काडीला शक्य नव्हतं. कठड्याला धरून जाता आलं असतं. लोक जात होते तसे. एक म्हातारी गेली होती, तिच्या देखत. मग काय? मग चप्पल. नवी चप्पल अंगठ्याला चावत होती, फोड आला होता, आणि तिने खाली वाकून—

काढ.

हिरवा थोडा जास्त भाजला. चालेल. त्या छपराला गंज होताच.

रविवारी सकाळी कारखान्यात कोणी नसे, मालकिणीने तिला किल्ली दिली होती. चार रविवार गेले. घरी आई दिवसेंदिवस कमी बोलत होती. एकदा म्हणाली, "तो वारा येतो ना तिकडून," आणि हात भिंतीकडे केला, पण तिथे खिडकी नव्हती, चित्र होतं. ते चित्र चौथ्या वर्षी आलं होतं. एका ट्रकवाल्याने आणून दिलं, पोत्यात गुंडाळून, आणि दारातच उभ्या उभ्या सांगितलं की पाटीवाला दुसऱ्याच हिवाळ्यात तापाने गेला, हे माझ्याकडे ठेवलं होतं त्याने, पत्ता उशिरा लागला, माफ करा. चहाही न घेता गेला. आईने पोतं सोडलं. दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या. आणि तिने, तेव्हा अठराची असलेल्या तिने, एका क्षणात पाहिलं, पूल, पिवळा फ्रॉक, वेण्या, आणि पाहिल्याबरोबर आईकडे पाहिलं. आईचा चेहरा जसा होता तसाच होता. म्हणजे दादाने खिडकीतून पाहिलं होतं. त्याला दिसलं होतं की ढबू पुलापर्यंत आली आणि फिरली. हाक मारली असेल का? की वाटलं असेल, नुसती हुंदडतेय, अजून सहाला वेळ आहे? त्याने हसून पुन्हा डबे बांधायला घेतले असतील. पाच वाजता तो स्टेशनवर आला असेल. आईला चित्रातली आकृती दिसली नाही अशी तिने मनाची समजूत घातली. एवढीशी तर आहे. नंतर अकरा वर्षं आईने ते चित्र पलंगावरून रोज पाहिलं, काचबिंदूने डोळे नेईपर्यंत, आणि पुलाबद्दल एक अक्षर काढलं नाही. दिसलं असतं तर बोलली नसती का? चष्म्याशिवाय, बल्बच्या उजेडात, काळ्या कापडावर काळा दोरा सुईत ओवणारी बाई. तिला तीळ दिसला नाही. आणि डोळे गेले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या सकाळी, टॉवेल खांद्यावर टाकून, पहिल्यांदा, "पुलावर कोण आहे?" तेव्हा तिच्या तोंडून पटकन निघालं होतं, "पोस्टमन."

पूल तिने तीनदा केला. पहिल्यांदा कमानी वाकड्या झाल्या. दुसऱ्यांदा चांगला झाला. तारेचा कठडा मीन्याच्या वर राहील असा ठेवला होता, बोटाला लागावा म्हणून, आणि मधे कोणीही नव्हतं. स्वच्छ, रिकामा पूल. तो पूर्ण झालेला पूल तिने दोन दिवस डबीत ठेवला, पुन्हा पुन्हा उघडून बघितला, आणि मग तिसरा करायला घेतला. तिसऱ्यावर, मधोमध, तिने चांदीचा एक रवा झाळून, म्हणजे वितळत्या धातूच्या थेंबाने जोडून, बसवला. मोहरीहून लहान. वेण्या करणं शक्य नव्हतं, आणि शक्य असतं तरी. आईच्या बोटाला लागलाच तर सांगता येईल, झाळ राहिली असेल, घासून टाकते. एवढी वाट तिने स्वतःसाठी ठेवली होती. माणूस कबुली देतानासुद्धा मागचं दार उघडं ठेवतो. मांजरासारखा.

लाल. स्टेशनची कौलं. शेवटची भट्टी. (दार बंद.) चप्पल चावत नव्हती. ती जुनीच चप्पल होती, दादाची, मागून दुमडून घातलेली. काहीच नव्हतं. पूल होता, ऊन होतं, पलीकडे मनोऱ्याचं घड्याळ दिसत होतं आणि त्यात सव्वातीन वाजले होते. मनोऱ्यापर्यंत जायचं, जिना चढायचा, दादा आवरणार, त्याचं आवरणं म्हणजे कधीच लवकर नाही, मग परत यायचं. आणि चार वाजले तर? गाडी सुटली, आई गाडीत, आणि आपण इकडे? दादाचं नव्हे, आपलं. आपली गाडी सुटेल. एवढंच. बाकी गोळी, लोंढा, फोड, ते सगळं तिने मागाहून भरलं होतं, तारांच्या कुंपणात रंग भरावा तसं. ती वळली. स्टेशनात शिरण्याआधी भिंतीआड थांबली, दम लागल्याचं दिसावं इतकी जागच्या जागी धावली, आणि मग आईपुढे जाऊन म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा म्हणाला. मागून येतो." आईने मशीन घट्ट धरलं. म्हणाली, "असंच म्हणाला?" ती म्हणाली—

लाल काळं पडलं होतं. दोन मिनिटं होऊन गेली होती. तिने ते तसंच घेतलं. स्टेशनची कौलं काळी.

पाचव्या रविवारी, दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं तेव्हा, तिने आईच्या मागे बसून हार गळ्यात घातला, मानेवरचे केस बाजूला करून आकडा अडकवला, आणि पुढे येऊन स्टुलावर बसली. अकरा तुकडे आईच्या छातीवर नीट बसले होते. डावीकडे स्टेशन, पूल, मनोरा, बाजार, गल्ली, उजवीकडे घर. भिंतीवर आहे तसंच, हुबेहूब. "बोट फिरव, आई," ती म्हणाली. "ओळख बघू कुठे आलोय."

आईने उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्याकडे नेला. टेप नेहमी डावीकडून लावायचा. जन्मभर लावला होता. बोटाला पहिला तुकडा लागला आणि आईचा चेहरा एकदम उजळला. "जिना," ती म्हणाली. "आणि हा कठडा. अगं, हे आपलं घर!"

समोर स्टुलावरून ती अर्धवट उठली. घर डाव्या टोकाला होतं. आईच्या डाव्या. शिकाऊ पोरसुद्धा ही चूक करत नाही. समोरच्याचं डावं ते घालणाऱ्याचं उजवं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीस वर्षांत तिच्या हातून एकही हार उलटा गेला नव्हता. हा गेला होता, कारण हा तिने कोणाच्या गळ्यासाठी केलाच नव्हता, भिंतीकडे बघून केला होता. तिने तो स्टेशनकडून घरी जायचा म्हणून केला होता आणि आईचं बोट घरून निघालं होतं.

"थांब, आई. उलटा ओवला गेलाय. काढते, दोन मिनिटं—"

"कुलूप लावलंस का?" आई म्हणाली. बोट पुढच्या तुकड्यावर गेलं होतं. "गल्ली. किती अरुंद केलीस गं. होतीच म्हणा." तिचा आवाज मोकळा, घाईचा झाला होता, असा आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "बाजार. सगळं बंद आहे आज." मग मनोरा, गोल तबकडीवर बोट दोनदा फिरलं. "काटे नाहीत. वाजले किती?"

"आई."

"निघालो वाटतं आपण," आई म्हणाली, आणि बोट पुलावर आलं. तारेच्या कठड्यावरून हळू सरकत गेलं, मधोमध आलं, थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं. नखाने चाचपलं.

"झाळ राहिली असेल," ती म्हणाली. "घासून टाकते मी."

"झाळ काय," आई म्हणाली. "वेण्या नाही केल्यास? चित्रात दोन आहेत."

खाली रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न अडकून वाजत राहिला होता, मग बंद झाला. तिने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं, विझलेल्या, भिंतीकडे लावलेल्या. अकरा वर्षं त्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नऊ वर्षं विचारलं होतं, रोज सकाळी, टॉवेल खांद्यावर टाकून, दार उघडं धरून उभं राहावं तसं. पोस्टमन. गाढव. छत्रीवाली. तिने स्टूल पुढे ओढलं, आईचा गुडघा धरला. शब्द फार थोडे होते, चोवीस वर्षांत ते झिजून गुळगुळीत झाले होते. "आई, मी दादापर्यंत गेलेच नव्हते. पुलावरूनच परत आले. तो काही म्हणाला नव्हता. मी त्याला सांगितलंच नाही."

आई ऐकत होती. मान थोडी तिरकी करून, मशीनचा आवाज बदलला की करायची तशी. मग तिच्या तोंडावर राग नाही, रडू नाही, फक्त दुपारी घरात दहा कामं पडलेल्या बाईची ती जुनी अधीरता आली.

"म्हणून तर म्हणतेय, जा," आई म्हणाली. "मी हे मशीन धरून बसलेय, नाहीतर मीच गेले असते. पळ, ढबू. चारची आहे म्हणावं. असशील तसा ये."

"आई, आता—"

"अगं, बोट ठेवलंय मी पुलावर. गाडी सुटत नाही तोवर. तू ये जाऊन."

आणि खरंच, बोट त्या रव्यावर होतं. पुढे एकच तुकडा उरला होता, काळ्या कौलांचा, आणि आई तिकडे जात नव्हती. दुसरा हात तिने मांडीवर घट्ट धरला होता, काही पडू नये म्हणून, आणि मांडीवर काही नव्हतं.

ती उठली. चप्पल घातली, दार लोटून घेतलं, तीन मजले उतरली. रविवार दुपारचा रस्ता. दुकानं अर्धी मिटलेली, पलीकडे एक बाई पडदे झटकत होती. डावीकडे बसथांबा, उजवीकडे दवाखाना, आणि कुठल्याच बाजूला नदी नव्हती. ती फाटकापाशी उभी राहिली. वर जाऊन काय सांगायचं हे तिला माहीत होतं. तेच एक वाक्य तिला पाठ होतं, 'तुम्ही पुढे व्हा म्हणाला', आणि ते सांगितलं की आई मान हलवेल, बोट उचलेल आणि पुढच्या तुकड्यावर ठेवेल, आणि गाडी सुटेल. म्हणून ती वर गेली नाही. भिंतीला पाठ लावून, चिमटा धरल्यासारखे हात पुढे धरून उभी राहिली. दीड मिनिट झालं. दोन झाली. पडदे झटकणारी बाई आत गेली. तीन.